लेदर सीट फाडून फेकायच्या आधी थोडं थांबा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमचा पेपर आमच्या घरी तीस वर्षांपासून येतो पण पत्र आज पहिल्यांदा लिहितोय. नातवाने मोबाईलमधे मराठी कीबोर्ड टाकून दिला आणि म्हणाला, आजोबा तुम्ही एकेकाला फोनवर सांगत बसता त्यापेक्षा पेपरलाच लिहा ना, म्हणून बसलो. तुमच्या पुरवणीत नवीन गाड्यांचं येतं, अॅव्हरेज किती, किंमत किती, सनरूफ आहे का नाही, ते सगळं मी वाचतो, पण माझ्या ओळखीपाळखीत बघितलं तर नवीन गाडी घेणारे थोडे आणि सेकंडहँड घेऊन ती दहा-बारा वर्षं चालवणारे जास्त, आणि त्यांच्या उपयोगाचं फारसं छापून येत नाही. म्हणून हे लेदर सीटचं पत्र. लांबलंय, पण जमलं तर पूर्ण छापा ही विनंती.

मी भुसावळचा, इलेक्ट्रिक लोको वर्कशॉपमधून पेंटर म्हणून रिटायर झालो. पीओएचला आलेलं इंजिन, म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्तीला आलेलं, त्याचा जुना रंग खरवडायचा, गंज काढायचा, अस्तर मारायचं, लांबी म्हणजे पुट्टी भरायची, परत घासायचं आणि मग रंगाचे हात द्यायचे, आयुष्यभर हेच केलं. चामड्याला मात्र कधी हात लावला नव्हता. ते काम अंगावर आलं मागच्या हिवाळ्यात, लेकीच्या गाडीमुळे.

लेक दिलीये रावेर तालुक्यात, घरची केळी आहे. जावयांनी 2012 ची मोठी सेडान सेकंडहँड आणली नाशिकहून, आत बिस्किट कलरचे लेदर सीट. गाडी इंजिनाने ठणठणीत पण ड्रायव्हरच्या सीटकडे बघवत नव्हतं. दाराकडची फुगीर कड असते ना, जिच्यावर घासत आपण आत बसतो आणि बाहेर निघतो, ती पार राखाडी झालेली, बारीक भेगा, आणि एका जागी बोटभर चीर. कारण उघड आहे, मळ्यात जाणं-येणं, माल भरायच्या दिवशी वीस-वीस वेळा उतर-चढ, आणि जीन्सच्या खिशाचं पितळी बटण रोज त्याच जागेवर घासतंय. त्यात केळीचा चीक. ज्याच्या घरी केळी आहे त्याला सांगायला नको, कपड्याला चीक लागला की आधी दिसत पण नाही आणि दुसऱ्या दिवशी काळा-तपकिरी डाग होऊन बसतो, मग तो कपडा फाटेपर्यंत जात नाही. तोच चीक सीटवर जिथं जिथं रंग उडाला होता तिथं आत मुरलेला. मागच्या सीटची काचेखालची कड उन्हाने कडक झालेली.

जावई गाडी घेऊन हायवेवरच्या एका सीट कव्हरवाल्याकडे गेले, मी सोबत होतो. तिथल्या माणसाने एकदा नजर टाकली आणि म्हणाला लेदर गेलं, सगळं काढून टाकू, रेक्झिन मारून देतो 14 हजारात, नवीन लेदर पाहिजे तर 45 हजार. आणि काढलेलं जुनं लेदर? ते इथंच राहील म्हणे. मी त्या कडेला चिमटीत धरून ताणून बघितलं. चामडं घट्ट होतं साहेब. मऊ होतं, लवत होतं, फाटत नव्हतं. एवढी वर्षं पत्र्यावर रंग मारला, वरचा रंग गेलाय का खालचा माल गेलाय एवढं हाताला कळतं. मी जावयांना म्हटलं गाडी घरी घ्या, हे आपण करू.

आता नेमकं काय होतं ते सांगतो, कारण माझ्या मते सगळा घोळ इथंच आहे. आपल्याला वाटतं की सीटचं चामडं म्हणजे आरपार त्याच रंगाचं चामडं. तसं नसतं. गाडीचं लेदर साधारण सव्वा मिलीमीटर जाडीचं, आणि त्याच्या वर रंगाचा एक थर असतो, त्याच्या वर पारदर्शक थर, दोन्ही मिळून आपल्या केसापेक्षा पातळ. आपण हात लावतो, फडक्याने पुसतो, ज्याच्यावर घाम पडतो ते चामडं नसतंच, तो वरचा थर असतो. इंजिनाचंच समजा ना, अस्तर, रंग, वार्निश, आणि खाली पोलाद. इंजिनाचा रंग उडाला म्हणून कोणी पोलाद भंगारात देतं का? इथं मात्र रंग उडाला की अख्खं चामडं काढून फेकतात, आणि त्या जागी रेक्झिन घालतात जे आपल्याकडच्या मे महिन्यात पाठीला चिकटतं.

पण सगळ्यात आधी हे बघा की तुमच्या गाडीत लेदर आहे का. बऱ्याच गाड्यांमधे लेदर म्हणून विकलेलं खरं म्हणजे लेदरेट, म्हणजे चामड्यासारखं दिसणारं नकली असतं, आणि बऱ्याच गाड्यांमधे फक्त बसायची जागा लेदर आणि बाजू-पाठ रेक्झिन असते. सीटच्या खाली वाकून कव्हर जिथं संपतं तिथली उलटी बाजू बघा, मखमलीसारखे तंतू दिसले तर चामडं, विणलेलं कापड दिसलं तर रेक्झिन. काडी लावून बघू नका, लोक सांगतात तसं. रेक्झिनवर पण रंग चढतो, पण ज्या लेदरेटचा वरचा पापुद्रा सोलून निघायला लागला आणि खालचं कापड दिसायला लागलं त्याला कुठलाही रंग वाचवू शकत नाही, ते बदलावंच लागतं. आणि चामडं पण जर एवढं कुजलेलं असेल की चिमटीत ताणलं की कागदासारखं तुटतंय तर तेवढा तुकडा बदलूनच घ्यायचा, तिथं उगाच पैसे घालू नका.

आता काम. खरं काम रंगाचं नाहीच, घासायचं आणि पुसायचं आहे. आमचे जुने चार्जमन म्हणायचे चार दिवसाच्या कामात रंगाचा फक्त शेवटचा दिवस. मोबाईलवर जे व्हिडिओ येतात त्यात सीट मळकी दिसते, मग डायरेक्ट स्पंजने रंग लावतात आणि झाली नवीन. मधलं दाखवत नाहीत. मधे आहे तेल.

लेकीने दोन वर्षं त्या सीटला खोबरेल तेल लावलं होतं. तिची चूक नाही, सगळेच सांगतात की चामड्याला तेल पाजा, चपलेला पाजतो तसं. चपलेचं चामडं उघडं असतं, ते पितं. सीटवर वरचा थर असतो, तेल आत जातच नाही, वर बसून राहतं, धूळ धरतं, आणि आपल्या काळ्या मातीची धूळ कशी असते माहितीच आहे, ती तेलात बसली की वर बसणाऱ्याच्या प्रत्येक हालचालीला पॉलिश पेपरसारखी घासते. आणि जिथं रंग उडालाय, भेगा आहेत, तिथं मात्र ते तेल खोल जातं आणि मग वरून लावलेला रंग धरत नाही. डॅशबोर्डला लावतात ते चकचकीत पॉलिश तर त्याहून वाईट, त्यात सिलिकॉन असतं. आणि 2020 च्या कोरोनात आपण सगळ्यांनी सॅनिटायझर मारमारून स्टिअरिंग आणि सीट पुसले, त्यातल्या अल्कोहोलने किती गाड्यांचा वरचा थर तेव्हाच सैल केला असेल.

म्हणून आधी व्हॅक्यूम, शिलाईच्या खाचेतून पण, मग लेदर क्लीनर नाहीतर अगदी सौम्य साबणाचा फेस, फक्त फेस, पाणी नाही, मऊ ब्रशने छोट्या छोट्या जागेवर फिरवायचा आणि लगेच ओल्या कापडाने पुसायचा. कपडे धुवायचा सोडा, भांड्याची पावडर, बाथरूमचं लिक्विड अजिबात नको, ते चामड्याला कडक करतं. तो फेस किती काळा निघाला म्हणून सांगू, आमच्या घरच्यांनी बादली बघून विचारलं हे सीटचं पाणी आहे का ट्रॅक्टरचं. ते वाळलं की पांढऱ्या सुती कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसायचं, हे मेडिकलवर नाहीतर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. मी मघाशी अल्कोहोलला वाईट म्हटलं आणि आता तेच वापरायला सांगतोय, पण इथं आपल्याला जुना थर मुद्दाम थोडा उघडायचा असतो म्हणजे नवीन थर त्याला धरेल. गाडीचे चारही दरवाजे उघडे, जवळ विडी-काडी नाही. कापडावर बिस्किट कलर हलका यायला लागला की थांबायचं. पांढरं कापड पिवळट, चिकट येत असेल तोपर्यंत तेल आहे असं समजा. मला तीनदा करावं लागलं, मधे एकेक दिवस ठेवून, कारण ऊन लागलं की आतलं तेल परत वर यायचं. थिनर आणि अॅसिटोनचा मोह होतो, ते पटकन काढतात, पण ते सगळंच काढतात, नवशिक्याने लांब राहावं.

त्या चीरेचं काय करायचं ते मला येत नव्हतं. भुसावळ स्टेशनच्या बाहेर एक चर्मकार भाऊ बसतात, वय माझ्याएवढंच, त्यांना मोबाईलवर फोटो दाखवला. ते म्हणाले वरून चिकटवू नका, आतून अस्तर द्या. पातळ चामड्याचा एक तुकडा काढला, चीरेपेक्षा चारी बाजूंनी बोटभर मोठा, आणि रापीने, म्हणजे चामडं कापायच्या हत्याराने, त्याच्या कडा अशा छिलल्या की कडेला तो कागदाएवढा पातळ झाला. का, तर कडा जाड राहिल्या तर वरून उठून दिसतात, तुकड्याचा आकार सीटवर छापल्यासारखा दिसतो. पाच मिनिटांचं काम, रापी एकदाही अडकली नाही. पैसे घेत नव्हते, मी बळंच दिले. तो तुकडा चिमट्याने चीरेतून आत सरकवला, खाली नीट पसरवला, लवणारा गोंद लावला, चीरेच्या दोन्ही कडा बोटांनी जुळवून रात्रभर वर वजन ठेवलं. फेव्हिक्विक वापरू नका, ते काचेसारखं कडक होतं आणि त्याच्याच कडेला दुसरी चीर पडते.

इथं एक गोष्ट फार महत्त्वाची आहे, कृपा करून ही कापू नका. बऱ्याच गाड्यांमधे पुढच्या सीटच्या पाठीत, दाराच्या बाजूला, साईड एअरबॅग असते. तिथं एअरबॅग लिहिलेला छोटा टॅग शिवलेला दिसतो. त्या जागेची शिलाई कंपनीने मुद्दाम अशी केलेली असते की धडक झाली की ती उसवून बॅग बाहेर येईल. ती शिलाई शिवायची नाही, चिकटवायची नाही, त्यात लांबी भरायची नाही, आणि तशा सीटवर साधं कव्हर पण चढवायचं नाही. सीटच्या खाली पिवळी वायर-पिवळा कनेक्टर असतो त्याला हात लावायचा नाही. मी तर सीट बाहेर काढलीच नाही, पुढे-मागे सरकवून जागेवरच सगळं केलं, घरी करणाऱ्याने तसंच करावं. आमच्या गाडीची चीर खाली बसायच्या कडेला होती म्हणून शिवायला-चिकटवायला हरकत नव्हती.

मग भेगा. भेगांमधे भरायला लेदर फिलर मिळतं, लवचिक असतं. त्याच्या जागी गाडीच्या पत्र्याची पुट्टी किंवा भिंतीची लांबी भरू नका, मला एकाने हेच सुचवलं होतं आणि मी पेंटर म्हणून सांगतो ती आठवड्यात खापरासारखी फुटेल, पत्रा आणि भिंत वाकत नाही, सीट रोज वाकते. प्लास्टिकच्या पातीने किंवा जुन्या एटीएम कार्डाने फिलर ओढायचं, कांद्याच्या पापुद्र्याएवढं, वाळू द्यायचं, 600 नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासायचं, बोट फिरवून बघायचं, परत एक पापुद्रा. एकदम जाड भरलं तर वरून वाळतं आणि आतून ओलं राहतं. मी पाच पापुद्रे दिले. शेवटी 1000 नंबरने सगळी सीट फक्त एकदा मॅट करून घेतली, चकाकी घालवली की रंग धरतो. ज्यांच्या सीटला बारीक भोकं आहेत त्यांनी फिलर भोकांत जाऊ देऊ नये, गेलं तर ओलं असतानाच टाचणीने काढा.

आता रंग, माझ्या आवडीचा भाग. रंग पाण्यातला, लेदरसाठीचा पिगमेंट. बुटाचं पॉलिश नाही, ते मेण असतं आणि पांढऱ्या झब्ब्याला लागतं. ऑईलपेंट नाही, साधा स्प्रेचा डबा नाही, ते लवत नाहीत. रंग मागवताना तयार बिस्किट कलर मागवला तर तो आमच्या सीटसमोर गुलाबीसर दिसला. कंपनीचा ओरिजिनल शेड बघायचा तर डोकं टेकायची उशी काढून तिच्या खालची बाजू बघा, नाहीतर सीटच्या अगदी खालची पट्टी, जिथं ऊन पोचत नाही. मी त्या पट्टीशी जुळवला. पांढरा जास्त, त्यात पिवळी माती म्हणतो आम्ही तो पिवळा, आणि काळ्याचा अगदी काडीच्या टोकावर राहील एवढा थेंब, काळा जास्त पडला की परत मागे येता येत नाही. आणि ओला रंग बघून ठरवायचं नाही, पाण्यातला रंग ओला असताना फिका दिसतो, वाळला की गडद होतो. सीटखाली बोटाएवढा ठिपका लावायचा, हेअर ड्रायरने वाळवायचा, मग दरवाजा उघडून सकाळच्या उजेडात बघायचं. ट्यूबलाईटखाली जुळलेला रंग उन्हात वेगळा निघतो, वर्कशॉपात नाईट शिफ्टला शेड जुळवायची मनाई होती ती यासाठीच. मला सात ठिपके लागले. सातवा लावला आणि तो कुठं लावलाय ते मलाच शोधावं लागलं, इतका जुळला.

पहिला हात स्पंजने, टिपून टिपून, भेगांत दाबून. तो वाईट दिसतो, डाग डाग दिसतात, घाबरायचं नाही. तो वाळला की आमची वर्कशॉपची एक सवय मी इथं केली, सेलोटेपचा तुकडा दाबून चिकटवला आणि झटक्यात ओढला. दोन जागी काही आलं नाही, तिसऱ्या जागी, मांडीखाली, टेपला रंग चिकटून आला. म्हणजे तिथं तेल राहिलं होतं. तेवढी जागा परत पुसली, परत पहिला हात. ही टेप लावली नसती तर पुढचे सगळे हात त्या तेलावर चढले असते आणि दोन महिन्यांत पापुद्रा निघाला असता आणि मीच लोकांना सांगत फिरलो असतो की हे रंगकाम टिकत नाही.

पुढचे हात पातळ, अगदी पातळ, असे चार. जमलं तर छोट्या एअरब्रशने, नाहीतर स्पंजने एकाच दिशेने. आणि रंग कधीही सीटच्या मधे थांबवायचा नाही, शिलाईपासून शिलाईपर्यंतचा पूर्ण तुकडा घ्यायचा, जोड शिलाईत लपतो. केळीच्या चिकाचे डाग धुऊन निघाले नव्हते, ते दुसऱ्या हाताला अंधुक झाले आणि तिसऱ्याला दिसेनासे झाले. लेक बघायला आली तर तिने त्या जागेवरून दोनदा हात फिरवला.

वरून पारदर्शक टॉपकोट, मॅट घ्या, चकचकीत घेतला तर सीट रेक्झिनसारखी दिसते. तीन हात. त्यात हार्डनर मिसळायचा असेल तर हातमोजे आणि मास्क पाहिजेच. एक दिवस अजिबात बसायचं नाही, आठवडाभर ओलं फडकं नाही.

हवामानाचं सांगायचं राहिलं. आपल्याकडे हे काम कार्तिकपासून माघापर्यंतच करावं असं माझं मत आहे. उन्हाळ्यात भुसावळ-जळगावचा पारा 45 च्या वर जातो, बंद गाडीत त्याच्याही कितीतरी वर, रंग सीटला लागायच्या आधी स्पंजवरच वाळतो, एअरब्रशने तर हवेतच वाळून सीटवर रवाळ बसतो. पावसाळ्यात उलट, वाळतच नाही. मी मार्गशीर्षात केलं, सकाळी 9 ते 12, अंगणात आधी सडा मारून घ्यायचो म्हणजे धूळ खाली बसते.

खर्च विचाराल तर दोन्ही पुढच्या सीटला मिळून मला 4,200 रुपये लागले, त्यात 250 मिलीचा रंग, तो पण उरला. दिवस लागले अकरा, पण रोज दोन-तीन तासच. त्यानंतर गाडीने एक अख्खा मे महिना काढला, केळीचा एक सीझन काढला. दाराकडच्या कडेवर हलकी चमक आलीये, कारण जावई अजून घासतच उतरतात, आधी बसून मग दोन्ही पाय आत घ्या म्हणून सांगितलंय. बाकी कुठं भेग नाही, पापुद्रा नाही. काळजी म्हणून तीन महिन्यांनी फेसाने पुसणं, पुढच्या काचेला सनशेड, आणि गाडी कडुनिंबाखाली. तेल बंद.

आता संपादक साहेब, हे सगळं तुम्हाला का लिहिलं. दोन विनंत्या आहेत.

एक तुम्हाला. तुमच्या पुरवणीत आठवड्याला एक कोपरा दुरुस्तीला द्या. शोरूम नाही, जाहिरात नाही, फक्त घरच्या माणसाने काय केलं आणि कसं केलं. स्कूटरची सीट, कुलरचा पंप, शिलाई मशीन, काहीही. आपल्या भागात रेल्वेतून, आयुध निर्माणीतून, साखर कारखान्यातून, सूतगिरण्यांतून रिटायर झालेली किती माणसं घरी बसून आहेत, त्यांच्या हातात काय काय आहे, कोणी विचारलं तर ती भरभरून सांगतील.

दुसरी विनंती शासनाला, तुमच्या मार्फत. चेन्नईत 1948 पासून केंद्रीय चर्म संशोधन संस्था आहे, आपल्या राज्यात संत रोहिदासांच्या नावाने चर्मोद्योग महामंडळ आहे, जिल्ह्याजिल्ह्यात आयटीआय आहेत. या सगळ्यांनी मिळून जळगाव, धुळे, नंदुरबारला सीटच्या चामड्याच्या दुरुस्तीचा एखाद्या महिन्याचा कोर्स का काढू नये? मला त्या स्टेशनबाहेरच्या भाऊंचा विचार डोक्यातून जात नाही. रापीचा तसा हात मी आयुष्यात बघितला नाही, आणि ते दिवसभर कशाला बसतात तर चपलेचा अंगठा शिवायला आणि बॅगेची चेन बदलायला. दहा-बारा वर्षं झालेल्या लेदर सीटच्या गाड्या आता गावोगाव आहेत. त्यांना फक्त रंगाचं आणि फिलरचं शिकवलं, सामान उधारीवर दिलं, तर हायवेवर जे 14 हजारात रेक्झिन मारून मिळतं त्याच्या अर्ध्या पैशात ते खरं चामडं वाचवून देतील आणि कमाई पण चांगली होईल. मी त्यांना विचारलं, शिकायचं का भाऊ? म्हणाले, "शिकवा ना भो, हात तर आहेच." मग मी उरलेला फिलर आणि पेपर घेऊन दोन दुपारी त्यांच्याजवळ बसलो, जुन्या पर्सवर करून दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी भरलेली भेग माझ्यापेक्षा साफ होती.

रंगाचं सामान जळगावला मला मिळालं नाही, बाहेरून कुरिअरने मागवावं लागलं. कोणा दुकानदाराने वाचलं तर छोट्या बाटल्या ठेवाव्यात, 50 मिलीच्या, एका कडेला तेवढं पुरतं, लोक मोठी बाटली बघूनच मागे फिरतात.

मागच्या सीटचं काम यंदाच्या दिवाळीनंतर काढणार आहे, काचेखालची ती कडक झालेली कड आधी मऊ होते का बघायचंय. उरलेला रंग घट्ट झाकण लावून माठाच्या तिवईखाली ठेवलाय, घरात तीच एक जागा उन्हाळाभर गार असते. त्या भाऊंना सांगून ठेवलंय, तेव्हा रावेरला सोबत यायचं म्हणून.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त रेल्वे पेंटर, भुसावळ